सॉनात न्हालेली काथवट

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे, पावाचं पीठ मळायची. फिनलंडच्या सावो भागात, तळ्याकाठच्या एका गावात माझा जन्म झाला. तुमच्या पाहण्यातल्या काथवटींपेक्षा मी बरीच खोल आहे. पाइनच्या फळ्या एकमेकींना घट्ट बसवलेल्या, बाहेरून आवळलेली लाकडी कडी आणि खाली तीन पाय. ज्या म्हाताऱ्याने मला बनवलं त्याने एकही खिळा वापरला नाही, आणि हे तो भेटेल त्याला सांगत सुटायचा.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाक मुरडू नका. मला कधीच कुणी धूत नसे. पीठ काढून घेतलं की तळाला आणि कडांना थोडं चिकटून राही. तेच आमचं खमीर. दह्याला विरजण असतं ना, तसं. पुढच्या खेपेला त्यावर कोमट पाणी आणि राय धान्याचं पीठ पडलं की ते जागं होई आणि सगळा गोळा फुगवी. त्याचा काळा, आंबट पाव होई. प्रत्येक घरचा आंबटपणा वेगळा. माझ्या गावची माणसं डोळे मिटून सांगत, हा पाव कुणाच्या घरचा. तशी इथल्या बायकांना स्वच्छतेची कोण हौस! पण काथवटीला पाणी लावणारी बाई म्हणजे घर बुडवणारी, असंच सगळे मानत.

मी ऑइलीच्या आईकडे होते, मग ऑइलीकडे आले. ऑइलीच्या धाकट्या बहिणीची मुलगी मिर्वा आईविना तिच्याकडेच वाढली. ती माझ्या काठाला हनुवटी टेकून पीठ वर येताना पाहत बसायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे ऑइलीचा खांदा धरला, गावच्या दुकानात कापलेला पाव मिळू लागला आणि मिर्वा स्वयंपाक शिकायला परगावी गेली. मला कोठीघराच्या कोपऱ्यात सरकवलं. माझ्यातलं खमीर वाळून करडं झालं. कोळ्याने माझ्यात संसार थाटला. पण वाळणं म्हणजे मरणं नव्हे, मित्रांनो. मी वाट पाहत होते.

बऱ्याच वर्षांनी मिर्वा परत आली. तळ्याकाठच्या धान्याच्या जुन्या कोठारात तिने उपाहारगृह काढलं. साधंसुधं नव्हे. तिथे पाहुणे महिने महिने आधी जागा धरून ठेवतात, आणि एका बैठकीत घासभर घासभर असे कितीतरी पदार्थ एकामागून एक येतात. रानातलं, तळ्यातलं, जे त्या हंगामात मिळेल ते. मिर्वाने मावशीला फोन केला.

"मावशी, आपली काथवट आहे ना गं अजून? मला माझ्या पंगतीत घरचा पाव वाढायचाय."

"आहे की. रविवारी काका घेऊन येतील," ऑइली म्हणाली. तिचा आवाज आनंदाने ओला झाला होता.

मग ती मला पाहायला कोठीघरात आली आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई! देशोदेशीची माणसं जेवायला येतात तिथे, आणि ही अशी कळकट न्यायची?" माझी लाज तिला वाटली, ती प्रेमापोटीच. पण प्रेमाने माणसाची मती कशी फिरते पाहा. आयुष्यभर जिने मला पाण्याचा थेंब लागू दिला नाही, तिने मला उचलून सॉनात, वाफेच्या न्हाणीघरात नेलं, सोडा टाकला, कढत पाणी ओतलं आणि ब्रशने खसाखसा घासायला घेतलं. मी आतल्या आत ओरडत होते. पण काथवटीला तोंड असलं तरी आवाज कुठला?

घासून होत आली तेव्हा तिचा हात थांबला. तिने करडं पाणी मोरीत वाहून जाताना पाहिलं. "देवा, मी हे काय केलं," ती पुटपुटली आणि ओल्या बाकावर तशीच बसून राहिली.

कुणाला काही सांगितलं नाही तिने. नवऱ्यालाही नाही.

रविवारी काकांनी मला पोचवलं तेव्हा मिर्वाने मला दारातच कवेत घेतलं, नाक आत घातलं, आणि तिला सोड्याचा वास आला. तिने पुन्हा एकदा तळाशी नाक नेलं. मग म्हणाली, "किती छान दिसतेय." तिने माझ्यात स्प्रूसच्या डहाळ्या खोचल्या आणि मला जेवणाच्या दालनात शोभेला ठेवलं. पाहुणे माझं कौतुक करत, फोटो काढत. पाव मात्र शहरातून मागवलेल्या खमिराचा होई. आमच्याकडची माणसं बोलण्यात भारी कंजूष. मिर्वाने मावशीला जेवायला किती वेळा बोलावलं, पण मावशीला दर वेळी काहीतरी काम निघे. त्या दोघींत माझ्यामुळे भिंत उभी राहिली होती, आणि मला ते फार लागत होतं.

शेवटी जून महिन्यात रेइयो काकांनी बायकोला जवळजवळ ओढतच आणलं. चर्चला जायचा निळा झगा घालून ती माझ्याकडे पाठ करून बसली. सूर्य तळ्यावर रेंगाळत होता. पहिलं ताट आलं. काटक्यांवर मांडलेलं तळलेलं रानशेवाळ.

"हे खायचं की चुलीत घालायचं?" काकांनी विचारलं.

"अहो, हळू बोला. लोक बघतायत."

"बघू देत. रेनडियरचा चारा खाल्ला मी, आता लाजायचं काय राहिलंय?"

पण पुढचे घास आले तसे काका गप्प होत गेले. धुरी दिलेली तळ्यातली चिमुकली मासळी आली तेव्हा तर त्यांनी डोळेच मिटले. मग मिर्वा स्वतः पाव घेऊन आली. ऑइलीने तुकडा मोडला आणि सावकाश चावला.

"चांगला आहे," ती म्हणाली.

सावोत 'वाईट नाही' म्हणजे आरती ओवाळणं. 'चांगला आहे' असं कुणी म्हणालं की समजावं, काहीतरी बिनसलंय. मिर्वाला ते कळलं. ती उभीच राहिली.

"आपला नाहीये तो, मावशी."

ऑइलीने हातातला तुकडा ताटात ठेवला. "काथवट मी धुतली गं, पोरी. सोडा घालून. माझ्या आईचं एवढं एकच तुला द्यायचं होतं, आणि तेच मी मोरीत सोडलं."

"मला माहितीये. पहिल्याच दिवशी वास आला."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? इतकी लख्ख करून पाठवलेलीस. म्हटलं, तुला वाईट वाटेल. तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, कळलं तर तू मला दारात उभी करणार नाहीस."

"धन्य आहे दोघींची!" काका म्हणाले. "एकीने तोंड शिवलं, दुसरीने ओठ. आणि मी बसलोय शहरातला पाव चावत."

मिर्वा हसली आणि रडलीही. ऑइली उठून माझ्यापाशी आली. तिने डहाळ्या बाजूला केल्या आणि माझ्या तळावरून हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा. माझ्या दोन फळ्यांच्या सांध्यात, ब्रश जिथे पोचला नव्हता तिथे, तिचं नख अडलं. तिने खरवडलं. करडा कण निघाला. तो तिने जिभेवर ठेवला.

"मिर्वा," ती ओरडली, "आंबट आहे!"

शेजारच्या मेजावरच्या पाहुण्याने लगबगीने विचारलं, "हा पदार्थ आम्हालाही मिळणार ना?"

मिर्वाने तिथल्या तिथे कोमट पाणी आणि पीठ आणलं. मावशीने निळ्या झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि दोघींनी मिळून सांधे खरवडले, पीठ कालवलं, मला कापडाने झाकून चुलीजवळ ठेवलं. खरं सांगू? मला स्वतःचीच खात्री नव्हती. पहिला पाव विटेसारखा झाला. मिर्वाने तो पाखरांना घातला आणि पुन्हा पीठ घातलं. मग एका सकाळी माझ्या तळाशी एक बुडबुडा आला. त्याच्या मागून दुसरा. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे ऑइली पुन्हा आली तेव्हा मिर्वाने तिच्यापुढे ताजा पाव ठेवला. तिने बराच वेळ चावला. काका तिच्या तोंडाकडे पाहत होते, मिर्वाही.

"वाईट नाही," ऑइली म्हणाली.

निघताना तिने पिशवीतून एक रिकामी बरणी काढली आणि संकोचत पुढे केली. "थोडं खमीर देशील? माझ्या घरी काहीच उरलं नाहीये."

मिर्वाने बरणी काठोकाठ भरली.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं भांडं असेल. त्याला चकचकीत करून शोभेला ठेवू नका. त्याचं त्याला काम द्या. कौतुक मीही पुष्कळ पाहिलं, पण पिठाने भरलेले दोन हात पोटात आले की जे वाटतं, ते कुठल्याही फोटोत नाही. आणि चूक झालीच, तर ती जपत बसू नका. बरणी घेऊन जा आणि मागा.