दुर्गाबाईंच्या नावापुढची रिकामी जागा

मी एक जुना कंप्युटर आहे. संत तुकाराम नगरातल्या एका दवाखान्यात सिस्टरच्या टेबलामागे माझी जागा. शेजारी मोठी मशीन होती. तिला सगळे थोरली म्हणत. पेशंटची नोंद आधी तिच्यात व्हायची, मग लगेच मी ती उतरवून घ्यायचो. ती गेली तर तिचं सगळं माझ्यापाशी असावं, एवढंच माझं काम. आठ वर्षं आम्ही जोडीनं काढली.

मित्रांनो, खंडेनवमीला आमची पूजा असते. त्या दिवशी आम्हा मशिनी सांभाळणाऱ्या गणराजने पुसायला म्हणून माझी वायर खेचली. मी तेव्हा लिहीत होतो. परत चालू झालो तर काही नोंदी उतरेनात. मी पडद्यावर तसं सांगितलं.

“गणराज, आरती थांबलीय, चल की!” सुमनताई सिस्टरनी हाक मारली.

“आलो ताई. ह्याचं रडगाणं रोजचंच.” त्याने अडलेल्या नोंदी वगळल्या. माझा हिरवा दिवा लागला. दिव्याखाली त्याने कुंकू लावलं.

दर सोमवारी तो दोघांतले पेशंट मोजायचा. नावं सगळी उतरली होती, म्हणून आकडा जुळायचा. मजकूर कुणी ताडला नाही. मीही दिवा लावून गप्प बसलो.

माघात थोरली जळाली. दवाखाना माझ्यावर चालू लागला. त्याच आठवड्यात दिघीच्या दुर्गाबाईंना तापात आणलं. त्यांना शुद्ध नव्हती. सुमनताईंनी माझ्यात पाहिलं. ‘औषधाचं वावडं’ या शब्दांपुढे काहीच नव्हतं. त्यांनी पेनिसिलिन टोचलं.

दुर्गाबाईंचा चेहरा सुजला, श्वास अडकला. चार दिवस त्या श्वासाच्या नळीवर होत्या.

“दसऱ्याच्या आदल्या दिशी मीच सांगितलं हुतं, ताई,” त्यांचे यजमान धोंडीबा म्हणाले. “तुमी लिवलं बी. मी बघितलं की.”

सुमनताईंनी मान खाली घातली. त्यांनी खरंच लिहिलं होतं. थोरली गेली, आणि तिने सोपवलेलं मी सांभाळलं नाही.

कंप्युटर तपासायला आलेल्या योगिनीने कागदी केसपेपर माझ्याशी ताडले. आणखी तिघांच्या नोंदी अपुऱ्या निघाल्या.

“दादा, माणसं मोजलीत. त्यांच्यापुढं काय लिहिलंय ते वाचलंत का?” तिने गणराजला विचारलं.

दुर्गाबाई वाचल्या. आता नवी मशीन आली आहे. दर सोमवारी दोघांतला मजकूर जुळवून पाहतात. मित्रांनो, माझा दिवा हिरवा दिसला म्हणून निघून जाऊ नका. मी अडलो असं सांगितलं, तर आरती थोडी थांबू द्या.

परवा धोंडीबांनी ‘दुर्गाबाईंना पेनिसिलिन नको’ अशी लाल शाईची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

“मामा, आता कंप्युटरात आहे,” सुमनताई म्हणाल्या.

“असू द्या की. चिठ्ठी बी असू द्या.”

सुमनताईंनी ती माझ्या दिव्याशेजारी चिकटवली.