‘पूर्ण’ म्हणजे काय?

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. पाने अकरा, कोपऱ्यांवर चहाचे डाग. लोहगडावर जाणाऱ्यांची नोंद मोबाइलवर कशी ठेवायची, हे शिकवण्यासाठी माझा जन्म झाला. तळेगावच्या कौमुदीताईंनी त्यासाठी एक ॲप बनवले आणि मलाही लिहिले. “किती सुटसुटीत आहे!” असे त्यांच्या ऑफिसात सगळे म्हणाले. मी हरखून गेले. पण कुतूहलही वाटे, की मला पहिल्यांदाच उघडणाऱ्या माणसाला माझे म्हणणे कळेल का?

लोहगडवाडीत धोंडाबाईंच्या टपरीवर ते समजले. पिठलं-भाकरी करता करता त्या नोंद ठेवत. माझ्या दुसऱ्या पानावर ‘नोंद’ होती, चौथ्या पानावर तिलाच ‘प्रवेश’ म्हटले होते. शेवटचे बटण होते ‘पूर्ण’. गट गड उतरून आला की ते दाबायचे. पण तसे मी कुठेच नीट सांगितले नव्हते.

एका रविवारी पाच जणांची नावे लिहून होताच धोंडाबाईंनी ‘पूर्ण’ दाबले. लिहिणे पूर्ण झाले, एवढाच त्यांनी अर्थ घेतला. सायंकाळी धुके दाटले. वाट चुकलेल्यांना शोधायला जाणारे मारुतीभाऊ मोबाइल पाहून म्हणाले, “समदे उतरल्यात. चला घरी.”

धोंडाबाई म्हणाल्या, “न्हाई उतरले, भाऊ! त्या पाच जणांनी भाकऱ्या सांगितल्यात. कुनीबी आलं न्हाई अजून.”

मारुतीभाऊ विजेरी घेऊन धावले. पाचही जण विंचूकाट्याकडे, गडाच्या लांब चिंचोळ्या सोंडेवर, सापडले. एकाचा पाय मुरगळलेला, सगळे थंडीने काकडलेले.

दुसऱ्या दिवशी कौमुदीताई आल्या. मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, “मावशी, चूक माझी आहे. तुम्ही याला काय म्हणता?”

“वर गेले आन् खाली आले. आनखी काय म्हनायचं?”

ताईंनी माझ्यातल्या ‘नोंद’, ‘प्रवेश’ आणि ‘पूर्ण’वर काट मारली आणि ‘वर गेले’, ‘खाली आले’ एवढेच लिहिले. मोबाइलवर तेच, कागदावरही तेच. मग नवी पाने शेजारच्या टपरीवरच्या माधवीला दिली. तिने ॲप कधी पाहिलेही नव्हते. ताई गप्प बसून बघत राहिल्या. माधवी एका शब्दापाशी अडली. ताईंनी तोही बदलला.

आता तिथे नवी पुस्तिका असते. मला कुणी उघडत नाही, थोडे वाईट वाटते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी काही लिहाल. तेव्हा एका गोष्टीला एकच नाव ठेवा आणि ते वाचणाऱ्याला विचारून ठेवा. माझा एक शब्द संदिग्ध राहिला, तेव्हा पाच माणसे धुक्यात होती.