पंख्याचा आवाज

“काका, तिसरी वेळ आहे ही,” रघू म्हणाला. “गेम लावला की दहा मिनिटांत स्क्रीन जाम, मग आपोआप रीस्टार्ट. आणि ती घरघर ऐकलीत ना?”

“हो हो, मागल्या वेळी तेच बदललं,” कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा स्क्रू काढत हरेश्वर म्हणाला.

मागल्या वेळी त्याने रॅम बदलली होती. घरघरीचं त्याला ऐकूच गेलं नव्हतं. मान खाली असली आणि समोरच्याचं तोंड दिसत नसलं, की हरेश्वरच्या कानात नुसता गोंगाट उरे. गिरणीत नऊ वर्षं साच्यांवर, म्हणजे मागांवर काढली होती त्याने. संपात गिरणी गेली, साचे भंगारात गेले. जाताना त्याचे कान तेवढे घेऊन गेले. मग भाजी विकून झाली, वॉचमनकी झाली, टीव्हीवाल्याच्या हाताखाली पाच वर्षं झाली आणि पंचेचाळिशी उलटल्यावर तो कॉम्प्युटर शिकला. “जरा कमी ऐकू येतं,” एवढंच बायकोला ठाऊक. बहिऱ्या मिस्त्रीच्या हातात मशीन कोण देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. ऐकू येण्याचंही फार वेळ आणता येत नाही, हे हरेश्वरला आताशा कळू लागलं होतं. लालबागच्या या चाळीतली आठ-दहा घरं त्याची बांधलेली गिऱ्हाइकं. रघूच्या घरून नाव कापलं गेलं तर बाकीच्यांना वेळ लागणार नव्हता. चाळीत बातमी नळाच्या पाण्याआधी पोचते.

झाकण निघालं आणि रघूला सटासट शिंका आल्या. आत सगळं तांबूस होतं. खाली मसाला कांडायचा गाळा. तिथली मिरचीची पूड खिडकीतून येऊन पंख्याने आत ओढली होती. हरेश्वरला बरं वाटलं. चोर सापडला म्हणायचा. त्याने नाकाला रुमाल बांधून ब्रश फिरवला, पट्टीपट्टीतली पूड काढली आणि मशीन चालू केलं. पंखा फिरताना दिसला, तसं त्याने झाकण बसवलं.

“लाव तुझा गेम.”

रघू कुरियर कंपनीत होता, आठवड्याची एक सुट्टी आणि ती या गाड्यांच्या शर्यतीत जायची. गाडी पळाली. सहाव्या मिनिटाला चित्र गोठलं, स्क्रीन काळी झाली आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

रघू उठून त्याच्या तोंडासमोरच आला. “अहो काका, पंखा एवढा बोंबलतोय! बंद पडायच्या आधी नुसता किंचाळतो. तुम्हाला ऐकू नाय येत काय?”

 मागच्या दोन्ही वेळा मशीन घरी नेऊन हरेश्वरने डोळ्यांवर भरवसा ठेवला होता, आणि तिथल्या टेबलावर, झाकण उघडं असताना, पंखा कधी अडकलाच नव्हता. जे चाळीतल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं, ते मिस्त्रीला कळलं नव्हतं.

 त्याने पुन्हा झाकण काढलं, पंख्याच्या चौकटीवर बोट टेकवलं आणि डोळे मिटले. बोटाच्या सांध्यातून बारीक कंप आला, मग अडखळ, मग पुन्हा कंप. बेअरिंग कोरडं पडलं होतं. गरम झालं की पंखा अडे आणि मशीन तापून बसे.

“शिलाई मशीनचं तेल आहे घरात?” त्याने रघूच्या आईला, सोनूबाईला विचारलं.

तिने बाटली आणून दिली. त्याने पंख्याच्या पोटावरचा कागद सोलला, दोन थेंब सोडले, पाती हाताने फिरवून पाहिली. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, झाकण बसवलं. या वेळी गेम अर्धा तास चालला. हरेश्वरचं बोट तेवढा वेळ कॅबिनेटवरच होतं.

तो हत्यारं पिशवीत भरू लागला तेव्हा रघू मोरीपाशी आईजवळ जाऊन हळू बोलला. हरेश्वरने सहज वर पाहिलं आणि रघूचे ओठ त्याला स्वच्छ दिसले: “म्हातारा ठार बहिरा आहे, आई. पुढच्या वेळी शीवचा इंजिनिअर बोलवू.”

सोनूबाईने हरेश्वरकडे पाहिलं. तिचा नवरा साचेखात्यातला, ती स्वतः सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली. साच्यांच्या आवाजात तोंडातला शब्द कानापर्यंत पोचत नसे, म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आपल्या पोराचं बोलणं या माणसाने वाचलं, हे ती समजली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

रघू परत खुर्चीत बसला. गाड्यांच्या आवाजाने खोली भरून गेली. सोनूबाई दोन पावलं पुढे आली आणि तिने नुसते ओठ हलवले.

“साच्यावर होतात?”

हरेश्वर थबकला. गिरणी सुटल्यापासून चोवीस वर्षांत त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

“नऊ वर्सं,” तोही तसाच, आवाज न काढता बोलला.

“पोराचं मनावर घेऊ नका. मी तुम्हालाच बोलवीन.”

त्याने मान हलवली. “नको. बरोबर आहे त्याचं. मला ऐकू येत नाय.”

हे वाक्य आजवर तो कुणापाशीही बोलला नव्हता. आता बोलला, तर समोरच्या बाईला ते पुरतं कळलं, आणि तीन हातांवर बसलेल्या रघूला कळलंसुद्धा नाही. हरेश्वरने पिशवी खांद्याला लावली आणि तेलाची बाटली बूच घट्ट लावून तिच्या हातात दिली.