खानाच्या तंबूचा उंबरठा

खानाच्या तंबूत शिरताना अल्चिदैने उंबरठा जपून ओलांडला. त्याला पाय लागला तर जीव जायचा, मग तो राजपुत्र असो नाहीतर सेनापती. आत उकडलेल्या मेंढ्याचा वास, आंबवलेल्या घोडीच्या दुधाचा वास आणि गोडगोड बोलणारे सगळे चुलते. उभा जन्म घोड्यावर गेलेला, कुजलेली प्रेतं तुडवलेली, पण इतकी किळस त्याला रणात कधी आली नव्हती.

धाकटा चुलतभाऊ तोक्तेर खानावर उलटला होता. अल्चिदैने त्याला डोंगरात कोंडलं, मग त्याच्याबरोबर एका वाडग्यातून दूध पिऊन शब्द दिला, "खाली ये. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही." पोरगं विश्वासाने खाली आलं. आणि आता बाहेर खानाची माणसं नमदा, लोकरीची जाड चटई, अंथरत होती.

"दादा, मी शब्द दिलाय त्याला," अल्चिदै म्हणाला.

"तू दिलास ना? मी कुठे दिला?" खान नळीतला मगज चोखत म्हणाला. "आणि घाबरतोस कशाला? आपल्याच घराण्याचं रक्त आहे ते, थेंबभरही भुईवर सांडू देणार नाही. नमद्यात गुंडाळायचं, वरून घोडे न्यायचे. रीत म्हणजे रीत!"

चुलते फिदीफिदी हसले. शी! माणूस चिरडायचा, पण रक्ताचं केवढं सोवळं!

अल्चिदै बाहेर आला. तोक्तेरचं नुसतं डोकं नमद्याबाहेर होतं.

"दादा, सांगितलंस ना त्यांना?" तो ओरडला.

अल्चिदैने सुरी उपसली आणि स्वतःचा तळहात चर्रकन चिरला. रक्त गवतावर सांडलं. तेही त्याच घराण्याचं होतं.

एकच कल्लोळ उडाला. "विटाळ झाला!" म्हातारा भगत किंचाळला. "या जागेवर आता काही करता यायचं नाही!" दोन सरदार गुडघ्यांवर बसून ती माती नखांनी उकरून चांदीच्या वाडग्यात भरू लागले. अल्चिदैला हेच हवं होतं. त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

खान दाराशी आला. "मग तोंडं काय बघता? जरा पलीकडे न्या त्याला."

नेलं. घोडे सोडले. भगताने अल्चिदैचा हात घट्ट धरून वर केला होता. "हलू नका हो राजे, पुन्हा सांडेल," तो मायेने म्हणत होता. नमद्यातून हाका आल्या, मग येईनाशा झाल्या.

"एक डाग नाही बघा!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

"ये रे अल्ची, मांस गार होतंय," आतून खानाने हाक मारली.

अल्चिदै दारापर्यंत गेला. त्या नमद्याइतकीच त्याला स्वतःच्या जिभेची शिसारी आली, शब्द देणाऱ्या. तो आत पचकन थुंकला आणि शेणाने माखलेले दोन्ही बूट उंबरठ्यावर ठेवून उभा राहिला.

चुलत्यांचे घास हातातच राहिले.

"अरे, पाय काढ!" खान ओरडला. "वेड लागलं का तुला?"

"नाही काढत. दुसरा नमदा मागव, दादा," अल्चिदै म्हणाला. "आणि बघ हं, स्वच्छ असू दे. आपल्या घराण्याला डाग चालत नाही."