केसाहून बारीक

"वेग वाढवा बाई, उद्या सकाळी पाहुणे येताहेत," सर दारातूनच म्हणाले.

बाईंचा हात पंपाच्या बटणावर होता. "सर, दाब वाढवला तर आतल्या बारीक वाहिन्या फुटतील."

"आत कोण बघतंय? वरून पांढरं दिसलं म्हणजे झालं."

काचेच्या भांड्यात डुकराचं मूत्रपिंड होतं. साबणाचं पाणी सोडून त्यातल्या पेशी धुऊन काढायच्या आणि नुसता सांगाडा मागे ठेवायचा, हे बाईंचं अकरा वर्षांचं काम. पुढेमागे त्यात माणसाच्या पेशी रुजवायच्या होत्या. पण केसाहून बारीक वाहिन्या शाबूत नसल्या तर त्यांना रक्त पोचणार कुठून?

सरांशी वाद परवडणारा नव्हता. घरी नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला. रक्ततपासणी विभागात सकाळची पाळी मिळाली असती तर दुपारी दोनला घर गाठता आलं असतं. त्या बदलीच्या अर्जावर सरांचीच सही अडली होती. बाईंनी बटण फिरवलं. सर जिना उतरल्याचं ऐकलं आणि मुकाट्याने पुन्हा मागे घेतलं.

फोनवर नणंद होती. "वहिनी, दादा घासाला तोंडच उघडत नाहीये. किती वाजतील तुला?"

"येतेच गं. एवढं आटपलं की निघते."

नणंदेने फोन ठेवला.

सकाळी मूत्रपिंडाच्या मधोमध गुलाबी डाग उरलेलाच होता. सरांचा चेहरा उतरला. पाहुण्यांतल्या वयस्क सर्जनबाईंनी मात्र निळा रंग मागवला आणि नळीतून हळूच सोडला. फांदी, उपफांदी करत रंग पार कडेपर्यंत गेला. कुठेही बाहेर झिरपला नाही.

"डाग काय, अजून धुतला की जाईल. पण हे जाळं! कुणाचं काम हे?"

"आमच्या विभागाचं," सर म्हणाले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "काल दाब वाढवला नव्हतात ना?"

"नाही, सर."

"बरं केलंत." समोरचा अर्ज त्यांनी उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "आता तुम्हाला सोडून कसं चालेल? त्यांना दर आठवड्याला असं एक हवंय."

बाई 'बरं' म्हणाल्या.

दुपारी नव्या मूत्रपिंडातून पहिलं लालसर पाणी ठिबकू लागलं. त्यावरची नजर न काढता बाई उभ्याउभ्याच डबा खात होत्या.