चाकावरचं वजन

गिअरच्या दांड्यावरचा काळा गोळा तिच्या तळव्यात नीट बसत नव्हता. त्यावरचे आकडे कधीच पुसले गेलेले, एकाच्या आकड्याचं नुसतं शेपूट उरलेलं. अजिनाथच्या हाताने घासून घासून गोळ्याला एका बाजूला खोलगा पडला होता आणि सविताचा हात त्यात दुसऱ्याच्या चपलेत पाय घालावा तसा सैल राहत होता. चालतंय, ती मनाशी म्हणाली. गिअर पडल्याशी कारण.

समोर मुळा नदीचं कोरडं पात्र. बंधाऱ्यावरचा रस्ता दुरुस्तीसाठी उखडून ठेवलेला, म्हणून सध्या सगळ्यांच्याच गाड्या वाळूतून. पलीकडच्या काठावर छबूबाईची टोळी उभी होती — कांदालागवडीच्या बाया, डोक्याला फडकी, हातात भाकरीच्या पिशव्या. इकडे घरी, काल उपटलेलं रोप ओल्या गोणपाटाखाली पडून होतं. आज ते वाफ्यात गेलं नाही तर वर्षाचा कांदा गेला म्हणायचा. आणि लागवडीच्या दिवसांत टोळी कुणाची सोयरी नसते, छबूबाईने फोनवर सांगूनच टाकलं होतं, "तुजी गाडी न्हाई आली तर गोरक्षच्या गाडीत बसून त्याच्या वावरात जानार बग. मंग मला नावं ठिवू नको."

शेजारच्या सीटवर नवरा. दिवाळीच्या तोंडावर गाडी चालवतानाच अजिनाथला फिट आली, आणि डॉक्टरांनी स्टेअरिंगला हातसुद्धा लावायचा नाही म्हणून बजावलं. तेव्हापासून पिकअप सविताकडे. माहेरी भावाच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला होता, लायसन मात्र अगदी नवं कोरं. तिच्या चालवण्यावर अजिनाथ कधी काही बोलत नाही — न बोलण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नसेल. पण त्याचा उजवा पाय बोलतो. तिने ब्रेक दाबायला हवा असं त्याला वाटलं की तो पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जातो, आणि सविताला तो समोर न बघताही दिसतो.

अर्धं पात्र तर नीट पार झालं. मग वाळूचा रंग बदलला, फिकट झाला, गाडी जड झाल्यासारखी वाटली... आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"रेस दे," अजिनाथ म्हणाला.

द्यायची नसते. वाळूत रेस दिली की चाक स्वतःसाठी खड्डा खणतं, हे तिने याच माणसाच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. शेजारच्या सीटवर बसलं की अक्कलही थोडी सरकते की काय कोण जाणे. पण तो म्हणाला आणि तिचा पाय दाबला गेला. विचार मागून आला. गाडी किंचाळली, मागे धुरळा उडाला आणि बूड वीतभर खाली गेलं. तिने चावी फिरवून इंजिन बंद केलं. राग आला तो त्याचा नव्हे, आपल्या पायाचा. एवढी वर्षं झाली, अजून हुकमाचा ताबेदार.

ती उतरली. फावड्याने चाकांमागची वाळू ओढली, मग काडीने व्हॉल्व्हची पिन दाबून मागच्या चाकांतली हवा सोडू लागली.

"हवा सोडलीस तर भरायची कुठं?"

"पलीकडं पंक्चरवाला हाय."

चाकं जरा पसरली. तिने आपल्याच चाकोरीतून गाडी हळूहळू उलटी घेतली, कडक वाळूवर आणली. आता पुन्हा जायचं. पण गाडीचा मागचा हौदा रिकामा होता. निदान गोण्या असत्या तर वाळू तरी भरून टाकली असती. इंजिनचं वजन पुढे, जोर मागच्या चाकांना, आणि मागे कुणीच नाही.

हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती मागेच बसत आली होती. केबिनमध्ये अजिनाथ, त्याच्या शेजारी भाऊजी नाहीतर पाहुणा, कधी ती जागा मोकळीही असायची. पण बायका हौद्यात, ही रीत. आणि वाळू आली की खिडकीतून मान काढून तो ओरडायचा, मागं सरका गं, चाकावर बसा. मग सगळ्या हसत एकमेकींवर कलंडत मागे सरकायच्या आणि गाडी चाल घ्यायची. आपण माणूस म्हणून नाही, वजन म्हणून बसलोय, हे तिला तेव्हा कळायचं. वाईट मात्र वाटायचं नाही. आज वाटलं. कुठल्या वेळी काय वाटावं, यालाही धरबंध राहिलेला नाही.

पलीकडे बाया बघत होत्या.

"अहो," ती म्हणाली, "मागं बसता का? चाकावर."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग काठाकडे.

"मी?"

"दुसरं कोन हाय हितं?"

तो उतरला. दार हळू लावलं — आपटलं असतं तर बरं झालं असतं. "गोळी घेतलीया ना?" तिने विचारलं. "घेतलीया." "खालीच बसा. दांडी घट्ट धरा." तो चढल्यावर गाडी मागून किंचित दबली.

दुसरा गिअर. क्लच अलगद. झटका नाही, ब्रेक नाही, स्टेअरिंगशी झगडा नाही. चाकांनी वाळू धरली. फिकट पट्टा आला, गाडी डुलली, जड झाली, तरी चालत राहिली... आणि तेवढ्यात टपावर थाप पडली.

थाप म्हणजे थांबा. हौद्यातल्या माणसाला दुसरी भाषाच नसते.

पुन्हा थाप. मग एकदम दोनतीन.

मागच्या काचेवर नाथांचं मोठं चित्र चिकटवलेलं. त्यातून दिसत काही नाही. फिट आली त्या दिवशी हौद्यातून तिने त्याच चित्राच्या कडेने पाहिलं होतं — त्याची मान एका बाजूला, गाडी रस्ता सोडून बाभळीत चाललेली, आणि मी काच बडवतेय, हाताला रक्त येईस्तोवर बडवतेय, अहो थांबवा, अहो... आणि तो ऐकत नव्हता, ऐकू शकत नव्हता. आता तो मागे. दांडी सुटली असेल तर? फिट असेल तर? हे सगळं तिला सुचलं, अगदी स्पष्ट सुचलं. आणि तिचा पाय रेसवर होता तसाच राहिला, कमी नाही, जास्त नाही. काठाचा चढ आला, मुरूम लागला, गाडी वर गेली. तेव्हाच तिने ब्रेक दाबला.

बाया गलका करत धावल्या. सविता उडी मारून मागे गेली. अजिनाथ दांडी धरून उभा होता, धडधाकट, कपाळावर वाळू.

"काठाच्या अलीकडं उतरायचं हुतं मला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "थाप ऐकू न्हाई आली व्हय?"

छबूबाई पिशवी वर टाकता टाकता थांबली.

"आली," सविता म्हणाली.

तो पुढच्या शब्दासाठी थांबला. शब्द तयारही होता: थांबले असते तर परत रुतलो असतो. खरा होता, त्याला पटलाही असता, घरी जाऊन त्याने तो चारचौघांत कौतुकाने सांगितलाही असता. पण ती बोलली नाही. हायसं वाटायला हवं होतं, ते वाटत होतंच. मात्र त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते भीतीसारखं नव्हतं. अजिनाथ तिच्याकडे बघत होता, नव्याने ओळख करून घ्यावी तसा. बाया एकेक करून हौद्यात चढत होत्या. ती तिथेच उभी राहून मनाशी ठरवू पाहत होती, अजून किती थापा पडल्या असत्या म्हणजे आपण थांबलो असतो... आणि तिला काही केल्या सांगता येईना.