पऱ्हाट्यांच्या गंजीमागची पोरं

शाळा तपासायला साहेब येणार म्हटलं की काय काय होतं, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. भिंतींना चुना लागतो, अंगण सारवलं जातं, नकाशांवरची धूळ झटकली जाते. आणि आणखी एक काम गुपचूप उरकतात. जी पोरं ढ, अडखळणारी, फाटक्या कपड्यांची, त्यांना आदल्या दिवशी सांगतात, "उद्या वर्गात बसू नकोस." मंडळी, या कामाची लाज कोणालाच वाटत नाही!

बोरी अरबच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर एक गाव आणि त्याला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण असली गावं पुष्कळ आहेत. गावात एक सरकारी शाळा, तांड्यात दुसरी, दोन्ही चौथीपर्यंत. १९६३ साली पंचायत समितीनं ठरवलं की दोहोंपैकी जी सरस, तिला पाचवीचा वर्ग द्यायचा. डिप्टी साहेब एकाच दिवशी दोन्ही शाळा पाहणार होते.

बातमी ऐकून तांड्याचा पंच खेमसिंग मनोमन नाचला. गावच्या शाळेचे हेडमास्तर बापूजी यांच्यावर त्याचा सत्तावीस वर्षांचा डूक होता. तिसरीत असताना, साहेब आले त्या दिवशी, बापूजींनी त्याला शाळेमागच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीआड बसवलं होतं. सदरा फाटका आणि तोंडात बंजाऱ्यांची गोरबोली, एवढाच त्याचा गुन्हा. आत पोरं पाढे म्हणत होती आणि हा बाहेर गुडघ्यांत डोकं घालून ऐकत होता. त्यानंतर तो शाळेत गेलाच नाही.

"पुढच्या साली म्हातारा रिटायर होते," तो बायकोला, नंदाबाईला म्हणाला. "त्याच्या आधी साऱ्या गावापुढं त्याचं नाक कापतो. मंगच मले झोप येईन!"

साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यानं तांड्याच्या तरुण मास्तराला, गुलाबसिंगला बोलावलं. "ज्याहीले येते तेच समोर बसव. बाकीचे अकरा मांगं पऱ्हाट्यांच्या आडोशाले."

"दादा, धावजीची सोनकी तं रोज येते..."

"फ्राक फाटका अन् बोलताना अडखळते. साहेबासमोर आपली शोभा करतं का? एक दिवसाचा तं सवाल आहे!"

नंदाबाईच्या हातात बांगड्या भरत बसलेल्या सुग्राबीनं हे ऐकलं. ती म्हातारी बांगडीवाली गाव-तांडा दोन्हीकडे फिरायची.

"खेमाभाऊ, मी रोज दोन्ही शाळंवरून जातो," ती म्हणाली. "तिथं नकाशे जास्त, इथं पोरी जास्त. तिथं छडी वाजते, इथं गाणं वाजते. पण उद्या दोन्ही शाळा सारख्याच दिसतीन. बापूजीनं तुले लपोलं, तू सोनकीले लपोतं. तू बदला घेऊन राह्यला का त्याची नक्कल करून राह्यला?"

"सुग्राबी, तुम्ही बांगड्या भरा!" खेमसिंग तडकला. सुग्राबी पेटी उचलताना म्हणाली, "साहेब तं निंघून जाईन. त्या पोरीले काय सांगशीन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या शाळेची तपासणी झाली. पोरांनी धडाधड उत्तरं दिली. साहेब खूष होऊन उठले, तोच खेमसिंग पुढे झाला. "साहेब, जरा मांगं चला. बापूजीची खरी शाळा तिकडं आहे!"

पऱ्हाट्यांच्या गंजीआड नऊ पोरं अंग चोरून बसली होती. साहेबांचा चेहरा उतरला; त्यांनी वहीत शेरा लिहिला. बापूजींची मान खाली गेली. गाव बघत होतं! खेमसिंगच्या अंगावर सुखाचा काटा आला. बस, आता तांड्यात पाचवी आली म्हणून समजा.

सारे तांड्यात आले. लाजेनं काळवंडलेले बापूजीही ओढल्यासारखे मागून आले. वर्ग चुणचुणीत होता. साहेब म्हणाले, "एकोणिसाचा पाढा म्हणा." वर्ग जोरात निघाला आणि मध्येच अडला. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून सोनकीचा बारीक आवाज एकटाच, सुरात, न अडखळता पुढे म्हणत गेला. पाढा संपला तेव्हाच थांबला.

खेमसिंगच्या पायाखालची जमीन सरकली. त्या गंजीआड आपणच बसलो आहोत, असं त्याला वाटलं. अरेरे! ज्या हातानं मास्तराची इज्जत काढली, त्याच हातानं आपण पोरं लपवली!

कोणी काही विचारायच्या आत तो बाहेर गेला. सोनकीला हाताला धरून आणलं, मागून दहा पोरं आली.

"साहेब, ह्ये मी लपोले. मास्तराचा कसूर नाई. सकाळी जे लिहिलं, तेच आमचंही लिहा."

साहेबांनी सोनकीला धडा वाचायला दिला. ती पहिल्याच शब्दाला अडखळली. कोणी हसलं नाही. ओळ पूर्ण होईपर्यंत साहेब उभे राहिले. मग म्हणाले, "पटावरचं प्रत्येक पोर ज्या शाळेत वाचेल, तिला पुढच्या वर्षी पाचवी."

बापूजी खेमसिंगजवळ आले. म्हणाले, "खेमा, त्या दिवशी मी चुकलो. मला माफ कर."

"माफी नाई मास्तर!" खेमसिंग कडाडला. "माहा बदला अजून सरला नाई. रिटायर व्हाच्या आधी तुमच्या त्या नऊ पोराहीले साहेबापुढं वाचाले लावा. मी माह्या अकरांच्या मांगं लागतो. एकही मांगं राह्यला तं मी तुमाले सोडणार नाई, अन् मलेबी नाई!"

दुसऱ्या दिवसापासून बापूजींनी त्या नऊ पोरांना पहिल्या रांगेत बसवलं. तांड्यात खेमसिंगनं पऱ्हाट्यांची गंज स्वतः उचलून शेताच्या बांधावर नेली, आणि संध्याकाळी सोनकीच्या शेजारी पाटी घेऊन बसला. तिसरीतलं राहून गेलेलं त्यालाही पुरं करायचं होतं.

नागरिकहो, दोन शाळांची तुलना जरूर करा, पण समोर बसवलेल्या पोरांवरून करू नका. आधी शाळेच्या मागं जाऊन बघा. आणि कोणी तुम्हाला लपवलं असेल, तर त्याचं उट्टं एकाच रीतीनं निघतं: तुम्ही कोणाला लपवू नका!